एका पानाचा एकच पत्ता

अनेकांनी वर्षानुवर्षे भर घातलेला लेखांचा एक संग्रह नव्या सर्व्हरवर हलवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मजकूर सांभाळून नेणे हेच त्यातले अवघड काम असेल, असा सर्वांचा समज होता. मजकूर लवकर हलला. त्यानंतरचा जवळजवळ सगळा काळ एकाच प्रश्नाने घेतला: एखाद्या पानाचा खरा पत्ता कोणता, आणि तो ब्राउझरला कोणी, कधी व कोणत्या शब्दांत सांगायचा?

हा प्रश्न उभा राहण्याचे कारण साधे होते. जुन्या मांडणीत कोणतेही पान एचटीटीपीने मागा किंवा त्याच्या सुरक्षित रूपाने, एचटीटीपीएसने, नावाआधी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावा किंवा लावू नका, आणि शेवट मोकळा ठेवा, स्लॅश द्या किंवा ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ लिहा, सर्व्हर प्रत्येक वेळी २०० हा यशाचा स्टेटस कोड देऊन तोच मजकूर पाठवत असे. दोन गुणिले दोन गुणिले तीन, म्हणजे प्रत्येक लेखाचे १२ पत्ते झाले. वाचणाऱ्याला यात काही वावगे दिसत नाही, म्हणूनच असा प्रकार वर्षानुवर्षे टिकतो. ब्राउझरच्या लेखी मात्र योजना (एचटीटीपी की एचटीटीपीएस), होस्टचे, म्हणजे सर्व्हरचे, नाव आणि पोर्ट (जोडणीचा क्रमांक) हे तिन्ही जुळले तरच दोन पत्ते एका घरचे ठरतात. त्यामुळे एका होस्टवर वाचकाने निवडलेला अक्षरांचा आकार दुसऱ्यावर आठवत नव्हता, तेच चित्र दोनदा उतरवले जात होते, आणि वाचून झालेल्या लेखाचा दुवा दुसऱ्या पत्त्याने आला की न वाचलेल्या रंगात दिसत होता. शोधयंत्रांनी तर एका लेखाचे अनेक लेख मानले होते आणि बाहेरून आलेले दुवे त्यांच्यात विखुरले होते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी सर्व्हरला मुळात काय दिसते, हे मी नीट पाहिले, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. सर्व्हरला अ‍ॅड्रेस बार दिसत नाही. एचटीटीपी १.१ च्या नेहमीच्या विनंतीत पहिल्या ओळीवर कृती (मागणे की पाठवणे), मार्ग आणि क्वेरी (प्रश्नचिन्हानंतरचा भाग) असते, आणि त्याखाली होस्ट नावाचे हेडर, म्हणजे माहितीची ओळ, असते, जे १९९७ साली आलेल्या या आवृत्तीने सक्तीचे केले. योजना कोणती होती, हे त्या विनंतीत लिहिलेले नसते. ती कोणत्या जोडणीवरून आली यावरून सर्व्हर ते ताडतो. एचटीटीपी २ मध्ये योजनेसाठी वेगळी जागा आहे, परंतु पुढचा प्रॉक्सी, म्हणजे वाचकाची विनंती आधी स्वीकारणारा मधला सर्व्हर, आणि मागचा सर्व्हर यांच्यातले बोलणे पुष्कळदा जुन्याच पद्धतीने चालते. हॅश चिन्हानंतरचा तुकडा, म्हणजे फ्रॅगमेंट, तर ब्राउझर कधीच पाठवत नाही. अशा तुटपुंज्या माहितीवरून सर्व्हरला पूर्ण पत्ता पुन्हा जुळवावा लागतो आणि मग तो बरोबर आहे की नाही, हे ठरवावे लागते.

तो बरोबर नसेल, तर सांगण्याचा सर्वांत स्पष्ट मार्ग म्हणजे रीडायरेक्ट. सर्व्हर ३०० च्या मालिकेतला एखादा कोड देतो आणि लोकेशन हेडरमध्ये योग्य पत्ता लिहितो. ब्राउझर त्या पत्त्यावर नवी विनंती करतो आणि अ‍ॅड्रेस बारमध्ये तोच दाखवतो. टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि हेन्रिक फ्रिस्टिक यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या आरएफसी १९४५ मध्येही (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) ही व्यवस्था आहे. त्यानंतर तपशिलात एक बदल झाला, जो मला फार उपयोगी पडला. १९९९ च्या आरएफसी २६१६ प्रमाणे लोकेशनमध्ये योजना आणि होस्टसह संपूर्ण पत्ता देणे बंधनकारक होते. २०१४ च्या आरएफसी ७२३१ ने सापेक्ष पत्त्यालाही मान्यता दिली. ब्राउझर पूर्वीपासूनच सापेक्ष पत्ता समजून घेत होते, त्यामुळे नियमाने रूढीला मागाहून संमती दिली, असे म्हणता येईल.

पहिली पाहणी मी कर्ल या साधनाने केली. ते स्वतःहून रीडायरेक्टच्या मागे जात नाही, त्यामुळे प्रत्येक टप्प्याचे उत्तर वेगळे वाचता येते. केवळ हेडर मागवणारी हेड विनंती सोपी असते, पण काही प्रोग्रॅम तिला पूर्ण विनंतीपेक्षा वेगळे उत्तर देतात, म्हणून मी पूर्ण पान मागवणाऱ्या गेट विनंतीनेच तपासले. नव्या सर्व्हरवर सुरुवातीचे नियम बसवल्यावर दिसले की एचटीटीपी, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि स्लॅशविना आलेली विनंती आधी एचटीटीपीएसकडे, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या नावाकडे आणि शेवटी स्लॅश असलेल्या मार्गाकडे जात होती. तीन वेगळे नियम आपापली दुरुस्ती करत होते आणि संपूर्ण पत्त्याचा विचार त्यांपैकी एकही करत नव्हता. मंद जोडणीवर प्रत्येक फेरीची किंमत वाचकाला मोजावी लागते. मी ते तिन्ही नियम काढून टाकले आणि त्यांच्या जागी असा एकच नियम लिहिला, जो विनंतीवरून योग्य पत्ता पूर्ण तयार करतो, आलेल्या पत्त्याशी ताडून पाहतो आणि फरक असेल तरच एकदाच रीडायरेक्ट करतो.

स्लॅशचा प्रश्न अनेकांना केवळ टापटिपीचा वाटतो, तसा तो नाही. पानातील सापेक्ष दुवे सोडवताना ब्राउझर चालू पत्त्यातील शेवटच्या स्लॅशपर्यंतचा भाग पाया म्हणून धरतो. २००५ च्या आरएफसी ३९८६ मध्ये ही रीत सविस्तर दिली आहे. ‘लेख’ या मार्गाखालच्या ‘गणित’ या पानात ‘आकृती’ नावाचे चित्र सापेक्ष दुव्याने जोडलेले असेल, तर शेवटी स्लॅश असताना ते ‘गणित’च्या आत शोधले जाते आणि स्लॅश नसताना ‘लेख’च्या आत. जुन्या सर्व्हरवर दोन्ही पत्ते चालत असल्यामुळे काही लेखकांनी चित्रे एका समजुतीने जोडली होती, तर काहींनी दुसऱ्या. म्हणजे पत्ता एक करण्याचा निर्णय घेताच पानांच्या आतले दुवेही तपासणे भाग पडले. बेस हा टॅग प्रत्येक पानात घालून पाया जाहीर करण्याची सूचना पुढे आली, पण तो टॅग पानातल्या पानात जाणाऱ्या फ्रॅगमेंटच्या दुव्यांनाही लागू होतो आणि पान मुळात दुसऱ्या पत्त्यावर असेल, तर तळटिपेवर टिचकी मारताच वाचक ते पान सोडून जातो. म्हणून मी ती सूचना स्वीकारली नाही.

त्याच सुमारास कंटेंट-लोकेशन या हेडरचाही विचार झाला. नाव पाहता हेच उत्तर वाटते: रीडायरेक्टची फेरी न करवता, मजकुराबरोबरच ‘याचा पत्ता हा’ असे सांगता आले तर किती बरे. आरएफसी २६१६ मध्ये या हेडरला सापेक्ष दुव्यांचा पाया ठरवण्याचा मानही होता. परंतु ब्राउझरांनी तो कधी सरसकट पाळला नाही, भाषेनुसार किंवा स्वरूपानुसार निवडलेल्या मजकुरात त्यामुळे दुवे तुटण्याचा धोका होता, आणि आरएफसी ७२३१ ने तो मान काढून घेतला. आज हे हेडर पाठवले तरी अ‍ॅड्रेस बारमध्ये काहीही बदलत नाही. जुना सर्व्हर भाषेनुसार पान निवडताना ते आपोआप पाठवत होता. ते निरुपद्रवी असल्यामुळे मी तसेच राहू दिले, पण त्यावर काहीही अवलंबून ठेवले नाही.

रीडायरेक्टचा कोड निवडताना मी घाई केली नाही. ३०१ म्हणजे कायमचे स्थलांतर, आणि दुसरी काही सूचना नसेल तर ब्राउझरला ते उत्तर साठवून ठेवण्याची मुभा असते. एकदा साठवले, की पुढच्या वेळी तो सर्व्हरला न विचारताच नव्या पत्त्यावर जातो. नियम अजून पडताळायचे असताना असे उत्तर लोकांच्या ब्राउझरमध्ये रुजू देणे योग्य नव्हते, म्हणून आरंभी सगळीकडे तात्पुरत्या स्थलांतराचा ३०२ ठेवला. दुसरी अडचण फॉर्मची होती. संग्रहात अभिप्राय पाठवण्याचा एक फॉर्म होता आणि तो काही जुन्या पानांतून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या पत्त्यावर पोस्ट, म्हणजे मजकूर पाठवणाऱ्या विनंतीने, जात असे. ३०१ किंवा ३०२ मिळाल्यावर ब्राउझर पोस्टची विनंती गेटमध्ये बदलतात. लिहिलेला मजकूर वाटेतच गळतो आणि फॉर्म पुन्हा रिकामा समोर येतो. हे वर्तन इतके जुने आहे की ते मोडण्याऐवजी नवे कोड काढण्यात आले: मुद्दाम गेटकडे वळवण्यासाठी ३०३, कृती न बदलता तात्पुरते वळवण्यासाठी ३०७, आणि कृती न बदलता कायमचे वळवण्यासाठी ३०८, जो २०१४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि २०१५ मध्ये आरएफसी ७५३८ म्हणून आला. मी फॉर्मच्या मार्गाला ३०७ लावला आणि पडताळणी झाल्यावर ३०८. वाचनाच्या पानांसाठी ३०१ पुरेसा होता.

फ्रॅगमेंटबद्दल लेखकांना चिंता होती. लेखांतील तळटिपांकडे थेट नेणारे दुवे अनेकांनी जपून ठेवले होते, आणि जो तुकडा सर्व्हरला दिसतच नाही, तो रीडायरेक्टमध्ये टिकणार कसा, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. तो ब्राउझरच टिकवतो: लोकेशनमध्ये फ्रॅगमेंट नसेल, तर मूळ पत्त्यातला तुकडा नव्या पत्त्याला जोडला जातो. लोकेशनमध्ये स्वतःचा फ्रॅगमेंट दिला, तर मात्र तोच वरचढ ठरतो. त्यामुळे नियमांनी फ्रॅगमेंटला हातच लावायचा नाही, एवढे पथ्य पाळले की काम भागते.

या सगळ्यात ज्या भागाने माझे लक्ष सर्वाधिक वेधून घेतले, तो देवनागरी पत्त्यांचा. संग्रहातील बऱ्याच पानांचे मार्ग देवनागरीत आहेत, आणि लोकेशन हेडरमध्ये तर केवळ आस्की चिन्हेच, म्हणजे इंग्रजी अक्षरे, अंक आणि काही खुणा, जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक देवनागरी चिन्हाचे यूटीएफ-८ (युनिकोड चिन्हे बाइटांत लिहिण्याची पद्धत) मधील तीन बाइट घेऊन प्रत्येक बाइट टक्केचिन्ह आणि दोन षोडशमान अंकांनी लिहिला जातो. एका चिन्हाची नऊ अक्षरे होतात. ‘किनाऱ्यावर’ या शब्दात युनिकोडची १० चिन्हे आहेत, म्हणजे हेडरमध्ये त्याची लांबी ९० भरते. ब्राउझर अ‍ॅड्रेस बारमध्ये ते पुन्हा देवनागरीत दाखवतात, त्यामुळे आतला हा पसारा कोणाच्या ध्यानात येत नाही.

परंतु तोच शब्द काही वाचकांच्या विनंतीत ९९ अक्षरांचा येत होता आणि त्यांना पान सापडत नव्हते. दोन्ही पत्ते पडद्यावर शेजारी ठेवले तरी डोळ्यांना फरक कळत नाही. कारण ‘ऱ्या’मधला अर्धा र तीन प्रकारे लिहिता येतो. नुक्ता अंगभूत असलेला ऱ हे एकच चिन्ह घेऊन त्याला हलन्त जोडणे हा पहिला प्रकार. साधा र, वेगळा नुक्ता आणि हलन्त हा दुसरा. आणि साधा र, हलन्त व त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात, हा तिसरा. कळफलक आणि प्रणाली बदलेल तसा प्रकार बदलतो. सर्व्हरवरील फाइलचे नाव यांपैकी एकाच प्रकारचे असते आणि बाकीच्या दोघांना ‘पान सापडले नाही’ असे सांगणारा ४०४ मिळतो.

पहिल्या दोन प्रकारांना युनिकोड समतुल्य मानते, त्यामुळे आलेला मार्ग एनएफसी या सामान्य रूपात आणला, की दुसरा प्रकार पहिल्यात विरघळतो. तिसऱ्याला हा उपाय लागू पडत नाही, कारण जॉइनर हे स्वतंत्र चिन्ह आहे आणि सामान्यीकरण त्याला स्पर्श करत नाही. त्यासाठी मी वेगळा नियम लिहिला: र, हलन्त आणि जॉइनर यांच्यापुढे य किंवा ह असेल, तर त्या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त धरायचे. मराठीत हा अर्धा र ‘वाऱ्या’, ‘ऱ्हास’, ‘गुऱ्हाळ’ अशा शब्दांत याच दोन अक्षरांपुढे येतो, म्हणून नियमाची मर्यादा तेवढीच ठेवली. इतर भाषांच्या पत्त्यांत जॉइनरला अर्थ असू शकतो, आणि तो सरसकट काढून टाकणे मला पटत नाही. अशा रीतीने तयार झालेला मार्ग आलेल्या मार्गापेक्षा वेगळा असेल, तर वाचकाला योग्य पत्त्यावर पाठवायचे. तुलना मात्र टक्केचिन्हे उलगडून झाल्यावरच करायची. कारण षोडशमान अंकांतली अक्षरे कोणी लहान लिहितो, कोणी मोठी, आणि मधला एखादा प्रॉक्सी ती बदलत असेल, तर योग्य पत्ताच पुन्हा अयोग्य ठरून फेरा सुरू होऊ शकतो.

असा फेरा वेगळ्या कारणाने प्रत्यक्ष घडलाही. नव्या मांडणीत सांकेतिक जोडणी पुढचा प्रॉक्सी उलगडतो आणि मागच्या सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने बोलतो. मागच्या सर्व्हरला प्रत्येक विनंती एचटीटीपीचीच दिसत होती, म्हणून तो प्रत्येकाला एचटीटीपीएसकडे जा असे सांगत होता. ब्राउझर तिथूनच आलेला असल्यामुळे पुन्हा तेच उत्तर मिळत होते. बहुतेक ब्राउझर सुमारे २० रीडायरेक्टनंतर थांबतात आणि वाचकाला त्रुटीचे पान दाखवतात. उपाय सर्वज्ञात आहे: प्रॉक्सीने मूळ योजना एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो या हेडरमध्ये लिहायची आणि मागच्या सर्व्हरने ती वाचायची. मात्र ते हेडर बाहेरून कोणीही बनवून पाठवू शकतो, म्हणून प्रॉक्सीने आलेले मूल्य पुसून स्वतःचे लिहिले पाहिजे, आणि मागच्या सर्व्हरने ते केवळ प्रॉक्सीकडून आलेले असेल तरच मानले पाहिजे.

होस्ट हेडरबाबतही मी हीच सावधगिरी बाळगली. अपाची या सर्व्हर प्रोग्रॅममध्ये यूज-कॅनॉनिकल-नेम ही सूचना आहे; ती चालू असेल तर सर्व्हर स्वतःचा पत्ता बनवताना नेमून दिलेले नाव वापरतो, बंद असेल तर विनंतीत आलेले. एंजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हर प्रोग्रॅममध्येही रीडायरेक्टमध्ये कोणते नाव, कोणते पोर्ट जावे आणि पत्ता संपूर्ण असावा की सापेक्ष, यासाठी स्वतंत्र सूचना आहेत. विनंतीतले नाव जसेच्या तसे परत सांगणे सोयीचे असते, पण मग कोणी खोटे नाव पाठवले आणि ते उत्तर मधल्या कॅशमध्ये, म्हणजे उत्तरांच्या तात्पुरत्या साठ्यात, साठले, तर पुढच्या वाचकांना सर्व्हर स्वतःच चुकीच्या ठिकाणी पाठवतो. मी योग्य नाव मांडणीत एकाच जागी लिहिले आणि नियमांना फक्त तिथूनच नाव घेऊ दिले.

याच कारणाने पानांतील कॅनॉनिकल दुव्यांचीही झडती घ्यावी लागली. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये जाहीर केलेला आणि २०१२ मध्ये आरएफसी ६५९६ ने नोंदवलेला हा टॅग शोधयंत्रांना पानाचा अधिकृत पत्ता सांगतो. ब्राउझरचा अ‍ॅड्रेस बार त्याने बदलत नाही. आमच्या पानांत तो होता, पण साचा तो होस्ट हेडरवरून तयार करत असल्यामुळे प्रत्येक पत्त्यावरचे पान आपलाच पत्ता अधिकृत असल्याचे सांगत होते, आणि टॅग असूनही काहीच ठरत नव्हते. आता त्याचे मूल्य रीडायरेक्टच्या नियमाच्याच जागेवरून येते. हा टॅग निरर्थक नाही: पत्त्यामागे जोडलेल्या क्वेरी, छपाईसाठीचे रूप, अशा ज्या पानांना रीडायरेक्ट करणे वाचकाच्या गैरसोयीचे ठरेल, तिथे तोच उपयोगी आहे. पीडीएफमध्ये टॅग लिहिता येत नाही, म्हणून तेथे लिंक हेडरमधून तीच गोष्ट सांगितली.

शेवटी स्ट्रिक्ट ट्रान्सपोर्ट सिक्युरिटीचे हेडर, जे २०१२ च्या आरएफसी ६७९७ मध्ये आहे. ते मिळाल्यावर ब्राउझर ठरलेल्या मुदतीत एचटीटीपीची विनंती पाठवतच नाही; पत्ता आतल्या आत बदलून मगच बाहेर पडतो. हे हेडर एचटीटीपीएसवरूनच ग्राह्य धरले जाते आणि ज्या होस्टने दिले, त्यालाच लागू होते. त्यामुळे एकाच उडीत सर्व काही दुरुस्त करण्याच्या माझ्या नियमाशी त्याचा थोडा विरोध आहे: एचटीटीपीवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू मागणारा वाचक थेट दुसऱ्या नावावर गेला, तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या नावाचे हेडर त्याला मिळतच नाही. आमचा अधिकृत पत्ता मूळ नावाचा असल्यामुळे, उपनावांनाही लागू असा शब्द हेडरमध्ये घालून हे साधले. अधिकृत पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला असता, तर मी आधी वाचकाने मागितलेल्याच नावाच्या एचटीटीपीएसकडे आणि मग पुढे, अशी दोन उड्यांची वाट पत्करली असती. मुदत आधी थोडी ठेवली, तक्रार येत नाही हे पाहून वाढवत नेली आणि अखेर ३१५३६००० सेकंदांवर, म्हणजे एका वर्षावर आणली.

कायमचे कोड लागू करण्यापूर्वी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, जो सर्व लेखांचे सर्व पत्ते मागतो, एकाहून अधिक उडी आढळली तर कळवतो, आणि अंतिम पत्ता, कॅनॉनिकल दुवा व साइटमॅपमधील (शोधयंत्रांसाठीच्या पानांच्या यादीतील) नोंद एकच आहेत ना, हे पडताळतो. त्यात विसंगती उरली नाही, तेव्हा ३०२ चे ३०१ केले. तो प्रोग्रॅम आजही प्रत्येक बदलानंतर चालतो, आणि नवा लेख येतो तेव्हा त्याच्या देवनागरी मार्गाची तिन्ही रूपे तपासतो. काढून टाकलेल्या मोजक्या पानांना मुखपृष्ठाकडे वळवण्याऐवजी ‘पान कायमचे गेले’ असे सांगणारा ४१० दिला आहे, कारण जे अस्तित्वात नाही त्याचा पत्ता मुखपृष्ठ असू शकत नाही. एचटीटीपीचे ८० क्रमांकाचे पोर्ट उघडेच ठेवले आहे. जुन्या पत्रांतून आणि छापील प्रतींतून आलेले वाचक अजूनही तिथेच येतात, आणि सर्व्हरच्या नोंदींमध्ये ते दिसत आहेत तोवर जुन्या पत्त्यांचा एकही नियम काढला जाणार नाही.